मंजुषाची चौथी संध्याकाळ

मंजुषानं बावीस वर्षांत सूर्य मावळताना पाहिला नव्हता. वरूडात संध्याकाळ म्हणजे ट्रक भरायची वेळ. नवऱ्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये मान खाली घालून संत्री निवडायची, डागी इकडे, बारकी तिकडे, आणि मान वर केली की अंधार. लोकांना वाटतं मालकीण आहे, बसून खात असेल. बसून असायची हे खरं, पालथ्या कॅरेटवर.

यंदा फळगळ झाली, माल लवकर आटोपला, तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं, मले समुद्रात सूर्य बुडताना पाहाचा हाय. लेकीनं, अपेक्षानं, अमरावतीच्या होस्टेलवरून मोबाइलवर रस्ता आखून दिला: श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, आरे-वारे. चार मुक्काम, चार सूर्यास्त. गाडी नवरा गोवर्धन चालवणार, मागं सासू पार्बताबाई, आणि त्यांच्या मांडीवर ठेच्याची बरणी, कारण तिकडच्या लोकांच्या तिखटावर त्यांचा भरवसा नव्हता.

मंजुषानं अट एकच घातली. वाटेत संत्र्याचं नाव काढायचं नाही. गोवर्धन हाव म्हणाला.

माणूस तसा गरीब. पण वरूडच्या संत्र्याला कोणी नागपुरी म्हटलं की त्याच्या अंगात येतं. बागा आमच्या, बोअर आमचे, घाम आमचा, आन नाव नागपूरचं काहून? आणि कोकणात तर जिथं पाहावं तिथं फळाच्या गाड्यावर पुठ्ठा लटकलेला: नागपुरी संत्री.

श्रीवर्धनला पहिला पुठ्ठा दिसला. पाच मिनिटांत येतो म्हणून उतरलेला गोवर्धन फळवाल्याला अख्ख्या तालुक्याचा भूगोल शिकवून दिवे लागल्यावर परत आला. हर्णैला मासळीबाजाराच्या कोपऱ्यात एक टोपली सापडली. समुद्र पन्नास पावलांवर होता, पण मंजुषाला गोवर्धन आणि टोपलीवाल्याच्या मधे उभं राहावं लागलं, नाही तर कॉलर धरली गेली असती. गुहागरच्या अलीकडे खाडी ओलांडायला गाडी फेरीबोटीवर चढवली. पाण्यात कोण गाडा लावतो, म्हणून ती निवांत कठड्याशी गेली. तेवढ्यात शेजारचा एक गृहस्थ संत्रं सोलत बायकोला म्हणाला, नागपूरचं असावं. झालं. त्या दिवशी सूर्य पाण्यात गेला की डोंगरामागं, हे मंजुषाला आजवर माहीत नाही.

चौथ्या दिवशी आरे-वारेच्या चढावर साडेपाच वाजले. उजव्या हाताला सगळा समुद्र, वर हातभर सूर्य. आणि वळणावर गाडा. गोवर्धननं ब्रेक लावला.

"अवो, आज नाई," मंजुषा म्हणाली. "उद्या वापस जाचं हाय आपल्याले."

"दोन मिन्टं. गाडी चालूच ठेवतो."

तो उतरला आणि पुठ्ठ्याकडे बोट दाखवून गाडेवालीशी सुरू झाला.

मंजुषानं सूर्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. हंगामात ड्रायव्हर दांडी मारतो तेव्हा मालाचा टेम्पो मंडीत तीच नेते, अख्ख्या वरूडाला ठाऊक आहे. पण सासूच्या देखत तिच्या लेकाला भर रस्त्यात सोडून जायचं, ही गोष्ट वेगळी. तिचा हात स्टिअरिंगपर्यंत गेला आणि थांबला.

मागून पार्बताबाई म्हणाल्या, "पाहून काय राहिली? त्याचं भाषण होयेपर्यंत सूर्य थांबते का? घे गाडी."

उतारावर मंजुषानं एकदाही आरशात पाहिलं नाही. खाली वाळू होती. दोघी लुगडं-साडी खोचून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. सूर्य आधी रुंद झाला, मग चपटा झाला, पाण्याला टेकल्यावर जरा अडल्यासारखा वाटला आणि गेला. मंजुषाची एक चप्पल वाहून गेली, ते तिला उशिरा कळलं.

"रोजच जाते का असा?" पार्बताबाईंनी विचारलं.

"रोज, माय."

"मंग आपण काय करत होतो एवढे दिवस?" असं म्हणून त्या गाडीकडे निघाल्या आणि न विचारता पुढच्या सीटवर बसल्या.

वर आल्या तर गोवर्धन गाड्यामागं उभा. गाडेवाली स्टुलावर निवांत चहा पीत होती. पुठ्ठा उलटा करून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अस्सल वरूडची संत्री. यांनी दोन डझन खपवली, मला बसू दे अजून थोडा वेळ, असं ती मंजुषाला सांगू लागली. तेवढ्यात एक जोडपं थांबलं. वरूड कुठं आलं, असं त्यातल्या मुलीनं विचारलं.

गोवर्धननं अमरावती जिल्हा सांगितला. मुलीला उमगेना. मोर्शीच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तरी नाही. मग बायकोकडे न पाहता तो खालच्या आवाजात म्हणाला, "नागपूरच्या बाजूले."

"मग नागपुरीच की," मुलगी म्हणाली आणि डझनभर घेऊन गेली.

गोवर्धन गाडीजवळ आला, हात पुढं करून किल्ली मागू लागला.

"मागं बसा," मंजुषा म्हणाली.

तो बसला, ठेच्याची बरणी मांडीवर घेऊन. मग त्यानं विचारलं, "कसा होता वो?"

"खाली याचं होतं ना पाह्याले."

पुढच्या वळणावर आणखी एक गाडा दिसला, बल्ब पेटलेला. गोवर्धननं काच खाली केली. मंजुषानं गिअर बदलला आणि गाडी जोरात पुढं काढली.