बर्फाच्या भिंतीवर बायकोचा नंबर
फ्रिजमधला साचलेला बर्फ उलथन्याने खरवडताना हिमाचलातला तो गोठलेला धबधबा आठवतो. चढायची हौस बायकोची, ती शिरपूरकडच्या डोंगरांत वाढलेली. "आधी मी जाऊ का हो?" तिने विचारलं. "थांब, मी बघून येतो," मी म्हणालो. जळगावच्या या वीराने बर्फ पाहिलेला तो रसवंतीवरच! शिकवणारा सांगत होता, बर्फात रुतवायची ही छोटी कुऱ्हाड मनगटाने हलकेच मारा. मी बाभूळ फोडल्यासारखे घाव घातले. "अंकलजी, लकडी नहीं काटनी है!" तो ओरडला, तोवर परातीएवढी लादी निखळून खाली फुटली. भिंत धोक्याची झाली म्हणून त्याने चढाईच बंद केली. बायकोने एक पाऊलही न चढता बुटाला बांधलेले खिळ्यांचे पट्टे सोडले. परवा मुलाने विचारलं, "आई, यंदा कुठे जायचं?" "तुम्ही ठरवा, मला कुठंही चालतं," ती म्हणाली. पूर्वी ती असं म्हणत नसे.