कोऱ्या कागदाचा पंच

माझे वडील अकरा खटल्यांत पोलिसांचे पंच होते आणि त्यांतल्या एकाही झडतीच्या जागी ते गेले नव्हते. हे ऐकीव नाही. त्यांनी स्वतः ते दुर्गच्या कोर्टात सांगितले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. मी एकोणीस वर्षांची होते आणि कामगारांच्या कॅम्पातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. पहिली भट्टी पेटली होती, पुढच्यांचे सांगाडे चढत होते. आम्ही भंडाऱ्याकडचे. वडील रिगर होते, म्हणजे जड सामान साखळदंडांनी वर चढवणाऱ्या टोळीत. शिक्षण चौथीपर्यंत, पण सही वळणदार. कॅम्पात बहुतेकांचा अंगठा चालायचा, त्यामुळे चौकीतल्या हवालदाराला ही सही आवडली. झडतीला दोन पंच लागतात. दर वेळी माणसे शोधण्यापेक्षा तो चार-पाच कोरे कागद घेऊन चहाच्या दुकानात येई. वडील खाली सही करत, वरचा मजकूर तो सवडीने भरी. दुसरा पंच पानठेलेवाला होता. यात पैसा नव्हता. कारखान्याच्या क्वार्टरसाठी चौकीकडून चालचलनाचा दाखला लागे, आणि सेक्टर २ मधल्या क्वार्टरसाठी आमचा अर्ज गेला होता.

"तुमची सही म्हंजे का सरकारी नळ हाये?" आई म्हणायची. "कोनीबी यावं अन् बकेट लावावी."

"चोरायलेच पकडते ना तो. मी का कोनाचा गळा कापून राहिलो?"

कोर्टात खोटी साक्ष देण्याबद्दलही त्यांच्याकडे उत्तर तयार होते. ते नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते, घरात देव नव्हता. कोर्टात मात्र ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी लागे. "जो नाईच, त्याची शपथ. तिले का वजन हाये?" असे ते एकदा हसत म्हणाले. आई हसली नाही.

बारावा खटला आमच्याच ओळीतल्या एका गॅस कटरवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणाऱ्यावर, झाला. तो गोंदियाकडचा, आमच्यापासून चार घरे पुढे राहायचा. तांब्याच्या तारेची भेंडोळी भरलेला ट्रक मागच्या फाटकातून बाहेर पडताना त्याने पाहिला होता आणि फाटकाशी हाच हवालदार उभा होता. त्याने ते फोरमनला सांगितले. आठ दिवसांनी तशीच दोन भेंडोळी त्याच्या घरात 'सापडली'. त्याला दुर्गच्या तुरुंगात नेले. पंचनाम्याखाली आपली सही आहे, हे वडिलांना समन्स आल्यावर कळले.

त्याच संध्याकाळी गॅस कटरची बायको आमच्या दारात आली.

"भाऊ, तुमी आमच्या घरी कधी आल्ते जी?"

"बस. चहा घे," वडील म्हणाले.

"चहा नोको. झडतीच्या दिवशी तुमी कुठं बसले होते, तेवढं सांगा. खाटीवर का चुलीपाशी? मी तं दिवसभर घरीच होती."

वडील उठून बाहेर गेले. ते परत आले तेव्हा ती निघून गेली होती. आईने ताट वाढले आणि विचारले, "रोज सकाळी पंचशील म्हनता. खोटं न बोलाचं शील कावून म्हनता मंग? तोंडाले व्यायाम व्हावा म्हनून?" ते जेवले नाहीत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी हवालदार घरी आला. "पंचजी, सेक्टर दो का कागज मेरी टेबल पर है. कल के बाद भेज दूँगा."

"कल के बाद ही भेजना," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, ठरलेले वाक्य सुरू केले, "कहिए, ईश्वर को हाज़िर-नाज़िर जानकर..." वडिलांनी ते उच्चारले नाही. ते न्यायाधीशांना म्हणाले, "साहब, ईश्वर को मैं मानता नहीं. उसके नाम से ग्यारह बार झूठ बोल चुका हूँ. मुझे बिना ईश्वर की प्रतिज्ञा दीजिए."

सरकारी वकील उठून उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना बसवले आणि वडिलांना बजावले की, हे बोलणे तुमच्याच अंगावर येऊ शकते. वडील म्हणाले, मालूम है. मग त्यांना साधी प्रतिज्ञा दिली गेली. पंचनामा दाखवला गेला. सही माझी, ते म्हणाले. सही केली तेव्हा कागद कोरा होता. झडतीच्या वेळी कुठे होतात? भट्टीवर, पहिल्या पाळीला. हवालदार मांडीवरच्या टोपीकडे बघत होता.

गॅस कटर सुटला. हवालदाराची बदली झाली, याहून अधिक काही नाही. आमच्या दाखल्यावर 'चालचलन संशयास्पद' असा शेरा आला आणि क्वार्टर दुसऱ्याला गेले.

आधीच्या अकरांपैकी दोघांनी शिक्षा भोगली होती. त्यांतला एक वडिलांना बाजारात भेटला. वडिलांनी त्याला सगळे सांगितले आणि हात जोडले. तो म्हणाला, "खरं बोलाले तुमाले बारावा भेटला. मी चवथा होतो, भाऊ." आणि तो वांगी निवडत राहिला.

त्या रविवारी वडिलांनी अर्ज लिहिला. अकरा खटले, प्रत्येक झडतीच्या वेळी आपण प्रत्यक्षात कुठे होतो, आणि खाली सही. सोमवारी ते चौकीत गेले. मी सोबत होते. नवा हवालदार नागपूरकडचा होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"यात तं तुमीच फसता, काका."

"म्हनूनच पोच मागून राहिलो."

"अशा कागदाची पोच नाई देता येत."

"मंग बसतो."

ते बाकावर बसले. दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला. त्या आठवड्यात त्यांची पाळी तीच होती, पण ते उठले नाहीत. हवालदार जेवून आला.

"हाये का अजून?"

"पोच नाई भेटली."

"अन् नाईच भेटली तं?"

"उद्या येतो. परवा बी येतो. दाखला गेला, क्वार्टर गेलं. आता तुमाले माह्याकडून घ्याले काई उरलं नाई, साहेब. मारा शिक्का."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. त्याने खण उघडला, शिक्का काढला, शाई वाळली होती म्हणून त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली आणि मारला.

पाळी चुकवल्याबद्दल वडिलांचा एक दिवसाचा पगार कापला गेला. अर्जाला उत्तर आले नाही. महिनाभर वाट पाहून त्यांनी दुसरी प्रत लिहिली आणि दुर्गला न्यायाधीशांच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवली.