आरसा फक्त अल्डिहाइडला!

लॅबमध्ये कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. केमिकलच्या बाटल्यांना एक्स्पायरी डेट असते, किस्स्यांना नसते! इथे परदेशात, ईस्ट टामाकीतल्या आमच्या फ्लेवर कंपनीत पुण्याचा मंदार ट्रायलवर आला आणि साठा दुप्पट झाला. नोकरी पक्की झाली की बायकोला बोलावणार होता, म्हणून बिचारा कायम टेन्शनमध्ये.

सुपरवायझर लिसाने आल्या आल्या त्याला नियम पढवला. अल्डिहाइड आणि कीटोन ही रसायनांची दोन चुलत घराणी; एका रिएजंटने, म्हणजे तपासणीच्या द्रावणाने, दोघांनाही नारिंगी साका येतो. मग चांदीच्या द्रावणात गरम करायचं. अल्डिहाइड असेल तर काचेला आतून आरसा धरतो, कीटोनला नाही.

*

मंदारचं सगळंच नारिंगी! शेवटी त्याने नुसतं पाणी घेऊन बघितलं. तेही नारिंगी!

"ताई, इथल्या नळाला कीटोन येतं का हो?"

मीही चक्रावले. लिसाने विचारलं, "ट्यूब कशाने धुतोस?"

"अ‍ॅसिटोनने. पटकन वाळते ना!"

अ‍ॅसिटोन म्हणजे कीटोनच की!

*

एकदा कडू बदामाच्या वासाच्या अल्डिहाइडची बाटली उघडी राहिली. सकाळी तोंडाशी पांढरे स्फटिक!

"मी काहीच केलं नाही!" मंदार ओरडला.

"तेच तर! झाकणसुद्धा लावलं नाहीस," लिसा म्हणाली. हवेने त्या अल्डिहाइडचं आपोआप अ‍ॅसिड झालं होतं.

तो आणखीच घाबरला. "म्हणजे आपण घरी गेल्यावरही हे रिअ‍ॅक्ट होत बसतात?"

*

एका गिऱ्हाईकाचे पांढरेशुभ्र व्हॅनिला साबण कपाटातल्या कपाटात तपकिरी पडले. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन अल्डिहाइडच, साबणात काळवंडतं. गिऱ्हाईक फोनच्या स्पीकरवर नुसतं पेटलेलं.

मंदार चाचरत म्हणाला, "चॉकलेट म्हणून नाही का विकता येणार?"

पलीकडून इथल्या बोलीतलं 'झकास' आलं, "स्वीट अ‍ॅज!"

*

आणि ट्रायलचा शेवटचा दिवस. लिसाने त्याच्यापुढे फ्रुक्टोज ठेवलं, फळांतली साखर. "हे कीटोन आहे. आरशाची टेस्ट कर आणि रिझल्ट लिही."

मंदारने ट्यूब तीनतीनदा पाण्याने धुतली. गरम केली. आणि आतून लख्ख आरसा!

कीटोनला आरसा? मंदार पांढराफटक पडला. पोराची दया आली हो!

"ताई, यायला हवं ते लिहू, की आलंय ते?"

"मला विचारू नकोस बाबा!"

त्याने लिहिलं, 'कीटोन. आरसा आला. का, ते माहीत नाही.'

लिसाने ते वाचलं. चांदीच्या द्रावणात फ्रुक्टोजचं अल्डिहाइड होतं हे तिला आधीच ठाऊक होतं; बघायचं होतं ते पोरगं खरं लिहितं का. ट्यूब उचलली, तिच्यात बघून आपले केस नीट केले आणि म्हणाली, "बुक युवर वाइफ्स टिकेट, मेट!"