शकुनाची पिशवी

माझी आत्या निवृत्त भाषाशिक्षिका. कॉलेजप्रवेशाच्या अर्जासोबत जो निबंध द्यावा लागतो, तो तपासून घ्यायला मुलं आमच्या घरी येतात आणि तिच्या पाठीमागे तिला 'कात्री' म्हणतात. खेळावरचा निबंध दिसला की आत्याचं तोंड कडू होतं. प्रत्येकात कुणाचा तरी पाय मुरगळतो, सामना हातचा जातो आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाला आयुष्याचा अर्थ सापडतो. असलं पान ती दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला ठेवते. मला तिचं अगदी पटतं.

परवा कोपऱ्यावरचा चष्मेवाला आपल्या मुलीला घेऊन आला. पोरीने पोहण्यात बरीच पदकं मिळवलेली. तिचा अर्ज अशा कॉलेजात जायचा होता, जिथे संघात निवड झाली की शिक्षण संपेपर्यंत रोज पहाटे तलाव. निबंध बापानेच पुढे केला. 'जलतरण हा माझा श्वास आहे,' अशी सुरुवात. पुढे तर कहरच: 'प्रत्येक शर्यतीआधी माझे बाबा माझ्या पाठीशी खंबीरपणे उभे असतात.' असली लाळघोटी वाक्यं मुलं लिहीत नाहीत, बाप लिहितात, हे मलाही कळलं. आत्याने त्याला खाली चहा प्यायला पिटाळलं आणि मुलीपुढे कोरा कागद ठेवला.

"शोभेचं काही नको," ती म्हणाली. "पाण्यात उतरताना काय होतं, तेवढंच लिही."

मुलीने एका दमात लिहून काढलं. तलावाच्या जाळीत अडकलेले केसांचे पुंजके. तरंगत येऊन ओठाला चिकटलेली कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी. पाण्यातल्या औषधाचा वास, जो जेवतानाही नाकातून जात नाही. शर्यतीआधी दर वेळी होणारी उलटी आणि शेजारी पिशवी धरून उभे असलेले बाबा. पहिलं पदक मिळालं त्या दिवशी तिला उलटी झाली होती, तेव्हापासून घरात उलटी हा शुभशकुन ठरला. एकदा झाली नाही, तर बाबांनी तिला कोमट मिठाचं पाणी पाजलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'मला पुन्हा तलावात उतरायचं नाही.'

आत्याने एकही शब्द कापला नाही.

बाप परतला आणि त्याने उभ्याउभ्याच सगळं वाचलं. मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. कसलं काय.

"लिहिलंय चांगलं," तो म्हणाला. "फक्त शेवट बदलू. आणि शकुनाचं काढून टाकू. असलं बाहेर सांगितलं की त्याचा गुण जातो."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठेपर्यंत त्याने सवयीने खिशातून पिशवी काढून तिच्या तोंडाखाली धरलीसुद्धा. पोर ओकत होती आणि हा गृहस्थ आमच्याकडे बघून हसत होता. आता निवड पक्की समजा, म्हणाला. इतका किळसवाणा आनंद मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मुलीने तोंड पुसलं, पिशवीला गाठ मारली आणि ती बापाच्या हातात दिली.

"ही तुम्ही सांभाळा, बाबा. हा निबंध वाचून मला कुणी संघात घेणार नाही. म्हणून हाच जाईल."

आत्या काहीतरी मध्यममार्ग काढेल, या आशेने तो तिच्याकडे बघत राहिला.

"कचऱ्याचा डबा जिन्याखाली आहे," आत्या म्हणाली, आणि त्याने लिहिलेला निबंधही तिने त्याच्या दुसऱ्या हातात दिला.