मामाजींचे मऊ टायर

वर्धा नदी उगम पावते तिथपासून ती संपते तिथपर्यंत माझ्या मामेसासऱ्यांइतका न थांबणारा माणूस झालेला नाही. रस्त्यात खुद्द यमानं हात दाखवला असता, तरी त्यांनी काच खाली करून ‘पुढच्या स्टँडवर भेटजो’ एवढं सांगून गाडी तशीच दामटली असती. सिंदी रेल्वेला त्यांचा कापसाचा व्यापार. कापूस चिमटीत धरून, डोळे मिटून ते त्याचा दर्जा सांगत; तेवढा क्षणभर सोडला तर त्यांना स्थिर असं कुणी पाहिलेलं नव्हतं. लग्नात अक्षता दारातूनच टाकायचे आणि पंगतीतला लाडू जिना उतरताना खायचे. प्रवासाला निघताना सगळ्यांना ओळीनं उभं करून हुकूम सुटायचा, ‘ज्याले जायचं त्यानं आत्ताच जाऊन या. रस्त्यात गाडी थांबनार नाई.’ माझं लग्न होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा मी त्यांच्या जीपमध्ये पहिल्यांदा चढलो तो चालत्या जीपमध्येच, तेही हातात जिलबीची बशी घेऊन. जावयाचा मान म्हणून त्या दिवशी वेग जरा कमी ठेवला होता, असं मागाहून कळलं. सासूबाईंची चप्पल एकदा सेलूजवळ गाडीतून पडली. मामाजींनी ती दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून आणवली, पण ब्रेकला पाय लावला नाही.

हसायचं असेल तर इथवरच हसून घ्या, कारण यामागचं कारण सांगितल्यावर हसू येणार नाही. नव्वदीच्या दशकात एका भर दुपारी मामाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ नागपूरहून परत येत होते. बुटीबोरीच्या अलीकडे जीप पंक्चर झाली. भाऊ रस्त्याच्या बाजूला वाकून चाकाचे नट खोलत बसला आणि मामाजी पलीकडे झाडाखाली संत्रं सोलत उभे राहिले. मागून ट्रक आला. भावाच्या हातातला पाना नंतर वीस हातांवर सापडला. तेरा दिवसांत मामाजी एकच वाक्य बोलले, ‘थांबाले नाई पाह्यजे होतं.’ लोक त्याला दुःख समजले. मामाजींनी तो आयुष्याचा नियम केला.

म्हणून दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, नागपूरच्या एका डॉक्टरनं आपली वाऱ्यासारखी पळणारी जर्मन गाडी विकायला काढली, तेव्हा मामाजींनी तिच्या वेगाची चौकशीच केली नाही. विचारलं एवढंच, ‘पंक्चर झाली तं?’ डॉक्टर म्हणाले, ‘हिचे टायर वेगळे आहेत. हवा गेली तरी ऐंशी किलोमीटर तशीच चालते. म्हणून स्टेपनीच दिलेली नाही.’ मामाजींनी ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. मग डिक्की उघडून, स्टेपनी नसलेली ती रिकामी जागा ते देवाचं दर्शन घ्यावं तसे बघत राहिले. ‘जावईबापू, सिंदी ते नागपूर ऐंशीच्या आतच आहे ना?’ मी होय म्हटलं. ‘मंग झालं. यातून कोनाले उतराच लागत नाई.’ गाडी घरी आली. दोनशेच्या वेगानं धावायला जन्मलेलं ते जनावर हंगामात कापसाच्या बैलबंड्यांमागून रांगत चालू लागलं.

त्या टायरांची गंमत अशी की त्यांच्या बाजूच्या भिंती भक्कम, जाड रबराच्या. हवा गेली तरी गाडी त्या भिंतींवर उभी राहते, आणि हवा असतानाही त्या भिंती तसूभर वाकत नाहीत. आमचे रस्ते काळ्या मातीवरचे. माती फुगते, भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं उठतं. त्या गाडीत बसलं की रस्त्यावर पडलेला रुपया छापा आहे की काटा, हे बसल्या जागी कळायचं. एकदा मी उतरून कंबर चोळू लागलो, तर मामाजी म्हणाले, ‘दुखते? दुखते म्हंजे जिवंत आहा.’

मग मामीजी आजारी पडल्या. गाठ छातीत होती, ती मणक्यात उतरली. आठवड्यातून एकदा नागपूरला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्सला त्या तयार नव्हत्या. ‘आडवी नेली तं गाव समजन मी गेली,’ म्हणायच्या. त्या मागच्या सीटवर बसत आणि खड्डा आला की पदर तोंडाशी धरत. आवाज नाही, तक्रार नाही. मामाजींना वाटे, बरं चाललंय.

एके सकाळी ते अंगणातून घाईनं निघाले होते. दोरीवर मामीजींचं लुगडं वाळत होतं. पदराचं टोक त्यांच्या हाताला लागलं आणि ते जागीच उभे राहिले. टोकाची जाळी झाली होती.

‘अवं, हे काय झालं?’

आतून मामीजी म्हणाल्या, ‘उंदरानं कुरतडलं असन.’

पण जन्मभर कापूस आणि कापड बोटांनी वाचलेला माणूस तो. उंदराचे दात कोणते आणि माणसाचे कोणते, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी मला वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या माझ्या घरी फोन केला. ‘जावईबापू, येता का? टायर बदलाचे आहे.’ आवाज असा, जणू घरातला देव विकायचा आहे.

बुटीबोरीच्या टायरवाल्यापुढे मामाजींनी एकेक टायर अंगठ्यानं दाबून, डोळे मिटून, कापसासारखा तपासला. ‘याहून मऊ दाखव.’ चार साधे, मऊ टायर निवडले गेले. टायरवाला भला माणूस. म्हणाला, ‘सेठ, हे टायर हवा गेली की बसतात. डिक्कीत एक स्टेपनी आडवी टाका.’

‘डिक्कीत तिची दवाखान्यात टेकाची गादी राहते.’

‘जॅक तरी घ्या.’

‘थांबाचंच नाई, तं जॅक कायले? आन् हवा जरा कमी ठेव.’

‘सेठ, बत्तीस लागते.’

‘बावीस ठेव. उशीत कापूस ठासून भरला तं झोप लागते का कोनाले?’

‘सेठ, ही उशी नाही!’ टायरवाल्यानं हात जोडले. मामाजींनी त्याच्याकडे, ज्याला कापसातलं काही कळत नाही अशा माणसाकडे पाहतात, तसं पाहिलं.

पुढच्या दोन फेऱ्यांत मामीजी गाडीत चक्क झोपल्या, तोंड उघडं टाकून. मामाजी तीसच्या वेगानं, आरशात बघत बघत गाडी चालवत. तिसऱ्या फेरीला मीही सोबत होतो; पौषातल्या सकाळी एक खड्डा आला. कमी हवेचा टायर खड्ड्याची कड आणि चाकाची कड यांच्यात सापडून बाजूनं फाटला. गाडी बसली. मामाजींनी सवयीनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, चाक खरडत दहा हात गेलं, आणि मागून मामीजींच्या तोंडून पहिल्यांदा ‘आई गं’ आलं.

मामाजींनी गाडी थांबवली.

मिनिटभर ते स्टिअरिंग धरून बसले. मी टायरवाल्याला मोबाइल लावला. ‘दीड तास लागेल,’ म्हणाला. ते ऐकताच मामाजी उतरले, डिक्कीतून गादी काढली, रस्त्यापासून तीस पावलं आत कडुलिंबाखाली टाकली आणि मामीजींना उचलून तिथं नेलं. मग त्यांची लाल शाल घेऊन ते गाडीमागे जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक ट्रकसमोर ती शाल अशी फडकवत की नाटकातला राजा फिका पडावा. ‘अबे, तिकून जाय! दिसत नाई काय? मानसं आहेत इथं!’ एक ट्रकवाला घाबरून इतका पलीकडून गेला की शेतातच उतरत होता.

मामीजी मला म्हणाल्या, ‘जावईबापू, त्याईले बलावा. ट्रक आपल्या रस्त्यानं जातात म्हना.’

मी जाऊन शाल हातात घेतली. मी ती हलवतो आहे, हे चारदा मागे वळून पाहत मामाजी लिंबाखाली गेले आणि गादीच्या कडेला उभे राहिले.

‘बसा ना,’ मामीजी म्हणाल्या.

ते बसले.

‘भाऊजी गेले तवापासून तुमाले बसलेलं आज पाह्यलं.’

मामाजी म्हणाले, ‘बोरं खातं का?’ आणि शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीखालून टोपीभर बोरं वेचून आणली. मामीजींनी दोन चोखली. पुढे काय बोलले कोण जाणे, मी शाल हलवत होतो. पण एकदा मामीजी हसल्याचं रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

दीड तास म्हणालेला टायरवाला सव्वा तासातच हजर झाला. ज्या माणसानं माझ्या सासूबाईंच्या चपलेसाठी ब्रेक लावला नाही, तो त्याला म्हणाला, ‘इतक्या लवकर आला? चहा पेऊन येजो ना बापा. घाई कायची आहे?’

होळीच्या आधी मामीजी गेल्या.

नातेवाइकांनी सुचवलं, आता ते जुने टायर परत चढवा. ते टायर कापसाच्या गोदामात तसेच पडले आहेत. मामाजींनी चढवले नाहीत. गादीच्या जागी डिक्कीत आता स्टेपनी असते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नागपूरला निघालो होतो. तो लिंब आला आणि मामाजींनी गाडी कडेला घेऊन बंद केली. आधी मागचा रस्ता नीट पाहिला, मग उतरले, धुऱ्यावर जाऊन टोपीत बोरं घेऊन आले आणि ती मागच्या सीटवर ठेवली. मग चारही टायर एकेक करून, डोळे मिटून, अंगठ्यानं दाबून पाहिले.

‘बरोबर आहे,’ म्हणाले, आणि लिंबाखाली जाऊन बसले. मीही शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही निघालो नाही.