खालची मोकळी जागा

आमच्या पेठ गावात बिबट्याला घाबरत नाही असा माणूस एक वेळ सापडेल, पण शेजारच्या कापड दुकानातल्या शेठना घाबरत नाही असं म्हातारं माणूस सापडायचं नाही. बिबट्या उसात राहतो आणि फटाके वाजवले की निघून तरी जातो. शेठ भर बाजारात दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात, आणि समोरून कुणी पिकल्या केसांचं माणूस जाताना दिसलं की त्यांचा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. "ओ पावणं, जरा हिकडं बघा. उनाकडं तोंड करा. आन् हसा की राव!" एवढं ऐकलं की म्हातारी मंडळी धोतर सावरत पलीकडच्या बोळात शिरतात. कारण शेठ हे फोटो कशासाठी काढतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्याचा फोटो काढला त्याचा श्रद्धांजलीचा बोर्ड ते आपल्या कॉम्प्युटरवर आधीच तयार करून ठेवत. माणूस ठणठणीत असताना. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडत.

शेठचे पणजोबा राजस्थानातून येऊन आमच्या बाजारात कापड मांडून बसले, आणि आता शेठची बोली आमच्यापेक्षा गावरान आहे. त्यांचं दुकान आणि आमचं किराणा दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्यापुढच्या ओट्यावर माझे वडील आणि शेठ रोज संध्याकाळी बसत आणि हायवेवरून उशिरा येणाऱ्या एसटीला नावं ठेवत. वडील गेले तेव्हा आमचं कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. घाईघाईत कुणीतरी त्यांचा आधार कार्डावरचा फोटो फ्लेक्सवाल्याकडे धाडला. दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड लागला. त्यात वडील डोळे विस्फारून, चोरी करताना सापडल्यासारखे बघत होते. ज्यांनी जन्मात कधी स्वेटर घातला नाही त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर होते, आणि डोक्यावर दोन कबुतरं. वडिलांच्या हातचा चहा प्यायलेली माणसं त्या बोर्डाखाली उभी राहून मलाच विचारत होती, "कोण गेलं ओ?" आई त्या दिवसापासून चौक टाळून मागच्या बोळातून देवळात जायला लागली. शेठ मात्र बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "ह्यो माझा दोस्त न्हाई. आता ह्या गावातनं एकबी माणूस असा जाणार न्हाई."

झालं. त्यांच्या मुलानं जीएसटीच्या बिलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर शेठनी त्याच आठवड्यात जप्त केला. व्हिडिओ बघून ते डिझाईन शिकायला बसले. व्हिडिओतला पोरगा "दोस्तों" म्हणाला की शेठ मोठ्यानं "बोला" म्हणत. फोटोतलं माणूस कापून वेगळं कसं करायचं, मागचा पडदा कसा बदलायचा, अक्षरं कशी बसवायची, सगळं त्यांनी तोंडपाठ केलं. फक्त कॉम्प्युटरच्या रंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. पडद्यावर हजारो रंग समोर असताना हा गृहस्थ कापडाच्या ठाणातून चिंधी कापून आणी, ती काचेला चिकटवी आणि म्हणे, "ह्यो आमसुली न्हाई. ह्येला आमसुली म्हननारा कापडधंद्यात दोन दिस टिकायचा न्हाई." मग त्या चिंधीशी जुळेपर्यंत माऊस फिरत राही आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळत राही.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मोकळी जागा. आमच्याकडच्या फ्लेक्सवर मुंगी शिरायला वाव नसतो. वाढदिवस एकाचा आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं चाळीसभर. एका होतकरू पुढाऱ्यानं शेठना असा बोर्ड करायला सांगितला. शेठनी कोपऱ्यात त्याचा एकट्याचा फोटो ठेवला आणि बाकी सगळं आभाळ. शुभेच्छुक दुकानावर चालून आले. शेठ गादीवरून न उठता म्हणाले, "वाढदिवस हाय का खानेसुमारी?" बिबट्यापासून सावध राहा, असं पोस्टर त्यांनी केलं, तर त्यातला बिबट्या इतका देखणा निघाला की बाया लेकरांना त्याच्याजवळ उभं करून फोटो काढू लागल्या. आमच्या दुकानाच्या दिवाळीच्या पोस्टरवर त्यांनी एक पणती काढली, बस्स. मी चिडून म्हटलं, "शेठ, रवा, मैदा, डालडा, काहीतरी लिहा की! एवढा कागद वाया घालवला." तर म्हणाले, "लोकांना नजर टेकवाय जागा नको का?" त्यावरून आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो.

तरी त्यांचं खरं काम श्रद्धांजलीचंच. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे बोर्ड त्यांच्याकडे तयार होते, आणि ते अधूनमधून सुधारतही असत. कुणी मिशी काढली की शेठना पुन्हा काम. कुणाचा बोर्ड झाल्यावरही माणूस वर्षानुवर्षं तसाच फिरत राहिला, तर शेठ कौतुकानं म्हणत, "लई चिवट हाय." माझ्या आईकडेही त्यांनी कैकदा मोबाईल रोखला. "भाऊजी, माजी डाळ निवडायची ऱ्हायलीय," म्हणून ती आत पळे.

मग तो तात्यांचा प्रकार झाला. तात्या म्हणजे ओढ्याकाठच्या मळ्यातले, काटक, रोज पहाटे म्हशीची धार काढणारे. त्यांच्या फेट्याचा रंग बरोबर आलाय का, हे शेठना मला विचारायचं होतं. त्यांनी तात्यांच्या बोर्डाचं चित्र पाठवलं आणि सूर्यास्ताआधी जेवून सामायिकाला बसले. सामायिक म्हणजे जैनांचं ध्यान; पाऊण तास एका आसनावर बसायचं आणि तेवढ्या वेळात फोनला हात लावायचा नाही. चित्र माझ्याकडे यायच्या ऐवजी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं होतं. शेठच्या शेजारी फोन थरथरत होता, शेठ डोळे मिटून बसले होते, आणि गाव हात जोडलेली चित्रं टाकत होतं. तारीख कोरी होती, पण दुःखात तारीख कोण बघतो? निरगुडसरचे जावई हार घेऊन निघाले. पारगावची बहीण तर बांधावरूनच हंबरडा फोडत आली. तात्या गोठ्यात होते. बहिणीला रडताना बघून त्यांनाही भडभडून आलं, तिच्या गळ्यात पडून दोघं मनसोक्त रडली, आणि मग तात्यांनी विचारलं, "कोण गेलं गं?"

खुलासा झाल्यावर तात्यांनी चष्मा लावून आपला बोर्ड नीट बघितला. "फोटो लई झ्याक हाय," ते म्हणाले. "पर मधला भाऊ न्हाई आला. त्येचं बघतो आता." तात्या खूश होते, पण त्यांची मुलं खूश नव्हती. ती तणतणत दुकानात आली, आणि त्यांच्या मागोमाग गावातली निम्मी तरुण पोरं. "शेठ, समद्यांचं पुसा. आत्ताच्या आत्ता." शेठ कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांनी एकेक चेहरा उघडला, घटकाभर बघितला आणि पुसला. पर्युषणात जैन मंडळी वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतात. शेठनी ती त्या वर्षी आगाऊच मागितली. पांढरा कागद, मधोमध बारीक अक्षरांत "मिच्छामि दुक्कडम्", आणि भोवती मोकळी जागाच जागा. तो कागद त्यांनी स्वतः दुकानाच्या दारावर लावला, कॉम्प्युटरवर पोपलिनचा तुकडा टाकला आणि गादीवर जाऊन बसले. म्हातारी माणसं आता बिनधास्त समोरून जायची. शेठ त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला ते बघवेना.

असेच काही आठवडे गेले. मग एका दुपारी आई ठेवणीतलं चिंतामणी रंगाचं लुगडं नेसून माझ्यासमोरून शेजारच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात डाळ नव्हती.

"भाऊजी, माजा फोटू काढा."

शेठ गडबडले. "वैनी, ते बंद केलंय आता."

"ह्यांना चौकात कुनी वळखलं न्हाई," आई म्हणाली. "मला वळखू आलं पायजे."

शेठ उठले. त्यांनी तिला आमच्या ओट्यावर, वडील बसायचे तिथं बसवलं. आई ताठ, ओठ घट्ट मिटलेले. शेठनी मोबाईल वर केला, खाली घेतला, आणि लुगड्याकडे बघत म्हणाले, "ह्ये त्यानं माझ्याकडनंच नेलं व्हतं. आख्खं कपाट उलगडाय लावलं. चिंतामणी का मोरपंखी, दुपार घातली माझी. शेवटाला म्हनला, राव, मला दोन्ही सारखंच दिसतंय, तुमीच सांगा तिला कुठलं शोभंल." आई हसली. तोंडाला पदर लावायला हात वर गेला, तेवढ्यात फोटो निघाला.

शेठ त्या फोटोवर आठवडाभर राबले. लुगड्याचा रंग जुळवायला आईचं लुगडंच नेलं होतं. मग पुण्याहून चांगल्या जाड कागदावर छापून आणला. मागे ना डोंगर, ना कबुतरं. नुसती आमची भिंत, आई, आणि खाली हातभर कोरी पट्टी. आईनं विचारलं, "हितं काय लिव्हनार?" सगळ्या गावाचा मजकूर ज्यांच्याकडे तयार असायचा ते शेठ खाली बघत म्हणाले, "मला न्हाई जमायचं तिथं लिहायला, वैनी. ऱ्हाऊ द्या मोकळी."

तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. नवखे पाहुणे बघून हळूच हात जोडतात, तेव्हा आतून आवाज येतो, "मी हाय अजून! च्या ठेवलाय, बसा." शेठ पुन्हा पायरीवर मोबाईल घेऊन बसतात, आणि गंमत म्हणजे आता म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आपणहून येतात. अलीकडे आईचे गुडघे फार दुखतात, ती देवळात जायची बंद झालीय. त्या मोकळ्या जागेपायी मी शेठशी काय काय भांडलो होतो! आता सकाळी दुकान उघडायला निघताना माझी नजर आधी त्या कोऱ्या पट्टीवर जाते, आणि ती अशीच राहू दे, असं मला फार वाटतं.