पाठ टेकली की हरला

आप्पा, म्हणजे माझे वडील, गुडघा दाखवायला कोल्हापूरहून आमच्याकडे चंदीगडला आले होते. अर्धा जन्म तालमीत गेलेला माणूस. त्यांची तक्रार गुडघ्याबद्दल नव्हतीच, डॉक्टरबद्दल होती. सेक्टर ३२च्या हॉस्पिटलातल्या तरण्या डॉक्टरनं त्यांना मांडी घालून बसायला मनाई केली होती.

"मग बसायचं कसं? कोंबडीगत?" ते मला विचारत.

त्या रविवारी नवरा हवाई दलाच्या ड्यूटीवर होता. माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली, "मम्मा, पार्क में हिप-हॉप फेस्टिवल है, चलो ना. फ्री है." आप्पांनी यातलं 'फ्री' तेवढं ऐकलं आणि ते आमच्या आधी चपला घालून दारात उभे.

पार्कच्या तोंडाशीच एका तंबूत शहराच्या हिप-हॉपचा वारसा मांडला होता. जुन्या कॅसेटी, एक भलामोठा टेपरेकॉर्डर, आणि ज्या पार्किंगमध्ये पहिली पोरं गाडीचा स्टिरिओ लावून नाचायची, तिथले फोटो. आप्पा टेपरेकॉर्डरपाशी थांबले.

"असला आपल्या माळ्यावर हाय की गं. ह्याला वारसा म्हणत्यात?"

पुढे हिरवळीवर माणसं गोल करून उभी होती. मधे फळ्या टाकून गुळगुळीत मैदान केलं होतं. म्हाताऱ्यांसाठी पुढे खुर्च्या होत्या. आप्पांना मी एका पांढऱ्या दाढीच्या सरदारजींशेजारी बसवलं. तेवढ्यात दोन पोरं मैदानात आली, एकमेकांवर डोळे रोखून त्यांनी खांदे उडवले, आणि आप्पांचा चेहरा उजळला.

"आखाडा हाय की हा!"

मी ब्रेकडान्स समजावून सांगेपर्यंत एका पोरानं पाठीवर लोळण घेऊन भोवऱ्यासारखी गिरकी मारली. लोक टाळ्या पिटायला लागले. आप्पा ओरडले, "पाठ टेकली! हरला, हरला! उठ आता!"

"आजोबा, यार, वो जानबूझकर घूम रहा है," लेक कुजबुजली.

"जाणूनबुजून हरतोय? मग तर लाजच सोडली म्हणायची."

सरदारजींनी मला विचारलं, "बाऊजी क्या कह रहे हैं?" मी संकोचत सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवत विचार केला आणि म्हणाले, "गल तां सही है जी." झालं. त्यानंतर कुणाचीही पाठ टेकली की दोघं मिळून ओरडायचे, एक मराठीत, एक पंजाबीत. लेक माझ्या मागे लपली. मला लपायला कुणी नव्हतं.

अंतिम सामन्यात लांब केसांचा एक पोरगा आणि पिवळ्या बुटांची एक पोरगी उरली. दोन परीक्षकांचं एकमत होईना. कार्यक्रम चालवणारा माइकवाला चाळिशीचा गडी होता, तोही कधीकाळी फोटोतल्या त्याच पार्किंगमध्ये नाचलेला. तो हसत म्हणाला, "तीसरे जज वो अंकल जी, जो सुबह से फैसला सुना रहे हैं!" माइक आप्पांच्या हातात आला. मी डोळे मिटून घेतले.

"दोनो हारे," आप्पांनी ठणकावलं. "दोनो का पीठ लग्या."

सरदारजी उठून उभे राहिले. "मैंने भी देखा है जी."

आता लोक चिडणार, असं मला वाटलं. पण माइकवाल्याला हसू आवरेना. "ठीक है! जज साहब का रूल. एक राउंड और, पीठ नहीं लगनी चाहिए!"

पोरगा जोशात आला आणि सवयीनं सरळ पाठीवरच पडला. पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, तसा तो तसाच आडवा हसत राहिला. पोरगी मात्र एका हातावर उलटी उभी राहिली ती हललीच नाही. गर्दी बेभान. आप्पा गुडघा विसरून मैदानात उतरले, तिचा हात वर धरला, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या गळ्यातली नवी फुलकारीची ओढणी ओढून तिच्या डोक्याला फेटा बांधायला लागले.

सरदारजींना ते बघवेना. "ना जी, ना. ढिल्ली है." त्यांनी फेटा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. आप्पांनी शेमल्याचं, म्हणजे पाठीवर सोडायचं, टोक धरून ठेवलं. पोरगी मधे निमूट उभी. तिच्या डोक्यावर पंजाब आणि कोल्हापूर असे हमरीतुमरीवर आले, की पुढचं गाणं सुरू झालं तरी दोघं मैदानातून हलेनात. शेवटी माइकवाल्यानंच त्यांना हाताला धरून खुर्च्यांवर आणून बसवलं.

ती पोरगी ओढणीसकट निघून गेली. मागायची कशी?

घरी येताना आप्पा लंगडत होते आणि मी थंडीत स्वेटरची कॉलर धरून चालत होते.

"दुखतंय का आप्पा?"

"न्हाई. सरदारजीनं बांधला बरा," ते म्हणाले. "पर शेमला आखूड ठेवला."